झाडू, मिक्सर, सुटकेस: घरातल्या वस्तूंना घाबरणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं

कुत्रं घरी आणायचं ठरलं की बेड, बाउल, बेल्ट, इंजेक्शनं सगळ्याची यादी होते, आणि मग दोन दिवसांनी मावशी झाडू घेऊन हॉलमध्ये येतात आणि ते बिचारं शू करून कॉटखाली जातं ते बाहेरच येत नाही. मग घरात चर्चा, की याला आधी कोणी मारलं असेल का, हा भित्राच निघाला का, आणि एक जण हमखास म्हणतोच की "धरून एकदा झाडूजवळ न्या ना, कळेल त्याला काही होत नाही ते." तेवढं एक करू नका. बाकी काय करायचं ते सांगते.

आधी कारणाबद्दल थोडं, कारण लोक त्यातच अडकून बसतात. पिल्लू साधारण 3 आठवड्यांचं असल्यापासून 12-14 आठवड्यांचं होईपर्यंत जे जे बघतं ते त्याच्या डोक्यात "हे असतं जगात" म्हणून बसतं. त्यानंतर दिसलेली नवी गोष्ट आधी संशयाने बघितली जाते. आता रस्त्यावर वाढलेल्या इंडीने (म्हणजे आपल्या देशी कुत्र्याने) रिक्षा, कचऱ्याची गाडी, लग्नाची वरात सगळं पाहिलेलं असतं पण सिलिंग फॅन, वॉशिंग मशीन, आरसा हे कधीच नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या ब्रीडच्या पिल्लाने तर काहीच पाहिलेलं नसतं. त्यामुळे झाडूला घाबरतं म्हणजे मारच खाल्लेला असेल असं नाही, आणि खाल्लाही असेल, दुकानासमोरून हाकलायला लोक झाडू, काठी, पाणी काय मिळेल ते वापरतात. कारण कुठलंही असो, करायचं तेच आहे, म्हणून त्यावर डिटेक्टिव्हगिरी करत बसू नका. अजून एक, साधारण सहा महिने ते वर्ष-सव्वा वर्ष या वयात कुत्री अचानक रोजच्याच वस्तूला दचकायला लागतात, कालपर्यंत ज्या स्टुलाखाली झोपत होतं त्याच्यावर आज भुंकतंय. वय आहे ते, जाईल, फक्त त्या काळात जबरदस्ती नको.

भीती ओळखायची कशी

शेपूट पायात घालणं, थरथरणं, पळणं हे सगळ्यांना कळतं. त्याच्या आधीचं कळत नाही, आणि काम तिथेच करायचं असतं. जेवण समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, एक पाय उचलून थबकणं, तोंड वस्तूपासून वळवलेलं पण डोळे तिकडेच त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, कान मागे चिकटणं, गरम होत नसताना धापा टाकणं. यातलं काहीही दिसलं की समजा गडबड सुरू झालीय.

2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने घरातल्या आवाजांवर एक अभ्यास केला होता, त्यात मालकांना विचारलं आणि लोकांनी टाकलेले व्हिडिओही तपासले, तर बऱ्याच मालकांना आपलं कुत्रं घाबरलंय हे कळतच नव्हतं, कित्येक जण त्यावर हसत होते. रील्सवर व्हॅक्यूम क्लीनरवर भुंकणारी कुत्री बघून आपण हसतो ना, तसंच.

सगळ्यात सोपं मीटर म्हणजे खाणं. एरवी चिकनवर तुटून पडणारं कुत्रं झाडू समोर असताना चिकनकडे बघतही नाही म्हणजे ते खूप घाबरलंय, अंतर वाढवा. खातंय पण बोट चावल्यासारखं झडप घालून खातंय, तरी थोडं मागे व्हा. नेहमीसारखं निवांत खातंय, ते तुमचं कामाचं अंतर.

पहिलं काम: रोजचा धसका बंद करा

ट्रेनिंग संध्याकाळी पाच मिनिटं आणि सकाळी रोज मावशींचा झाडू धाडकन अंगावर, असं चाललं तर काही उपयोग नाही. म्हणून जोपर्यंत काम चालू आहे तोपर्यंत झाडू-पोछाच्या वेळी कुत्रं दुसऱ्या खोलीत, दार लावून, सोबत चघळायला काहीतरी. किंवा तीच फिरायची वेळ ठेवा. मिक्सर शक्यतो ते खाली फिरायला गेलेलं असताना लावा, चटणी अर्धा तास उशिरा झाली तर चालतं. हे काही कायमचं नाही.

आणि ते कॉटखाली, बाथरूममध्ये, देवघराच्या कोपऱ्यात जिथे लपतं ती जागा त्याची. तिथून ओढून काढायचं नाही. घाबरलेलं कुत्रं कोपऱ्यात सापडलं की चावतं आणि मग दोष त्याच्यावर येतो.

खाऊ कुठला

रोजचं पेडिग्री किंवा डॉग फूडचे दाणे इथे चालणार नाहीत, ते त्याला तसेही मिळतातच. उकडलेलं चिकन, मीठ-मसाला काही नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही कारण ते कुत्र्यांना विषारी असतं. म्हणजे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला हे चालत नाही. घरात नॉनव्हेज होत नसेल तर पनीर, उकडलेलं रताळं, ज्यांना चालतं त्यांनी उकडलेलं अंडं. मनुके, द्राक्षं, चॉकलेट बंद, आणि पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्यांना विषारी) लिहिलंय का बघून घ्या. तुकडा शेंगदाण्याच्या अर्ध्याएवढा पुरतो. एका बैठकीत वीस-पंचवीस तुकडे जातात, मोठे केलेत तर कुत्रं फुगेल आणि भीती तशीच राहील.

हा खाऊ बाकी कुठेही द्यायचा नाही, फक्त झाडू दिसला की. हे महत्त्वाचं आहे.

वस्तूचे भाग पाडा

"आमचं कुत्रं मिक्सरला घाबरतं" हे वाक्य अर्धवट आहे. दिसण्याला घाबरतं, हलण्याला घाबरतं, की आवाजाला? मिक्सर नुसता ओट्यावर असताना ते किचनमध्ये येतं का? जार लावल्याचा खटका ऐकून पळतं का? झाडू भिंतीला टेकवलेला असतो तेव्हा त्याच्या बाजूने जातं का, की फक्त कोणी हातात घेतला की पळतं? व्हॅक्यूम क्लीनर बंद असताना हुंगून येतं का? एक-दोन दिवस नुसतं बघा आणि कुठल्या पॉइंटला चेहरा बदलतो ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आमची चिंगी छत्रीला घाबरते असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो, नीट बघितलं तर मिटलेल्या छत्रीवर ती झोपायचीसुद्धा, उघडी छत्री वाळत ठेवली तरी बाजूने आरामात जायची, प्रॉब्लेम होता तो उघडतानाच्या "फट्" चा. मग काम एकदम छोटं झालं.

कधीकधी वस्तूचा दोषच नसतो. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतो म्हणून ते किचनमध्ये येत नाही आणि आपण फ्रिजला नावं ठेवतो. एक योगा मॅट किंवा जुनी सतरंजी टाकून बघा आधी.

आता झाडू

सगळ्यात जास्त लोक यावर अडतात म्हणून हे सविस्तर.

झाडू हॉलच्या एका टोकाला जमिनीवर आडवा ठेवा. कुत्रं दुसऱ्या खोलीत. बेल्ट असला तरी ढिला, आणि तो फक्त सेफ्टीला, ओढायला नाही. दार उघडून तुम्ही दोघं हॉलच्या दुसऱ्या टोकाला या. त्याची नजर झाडूवर गेली की मनात "एक" म्हणा आणि चिकन द्या. परत बघितलं, परत चिकन. पाच-सहा वेळा झालं की परत आतल्या खोलीत, दार बंद, चिकनचा डबा बंद. आत गेल्यावर काहीच मिळत नाही. झाडू आहे तर पार्टी, झाडू नाही तर काही नाही, एवढंच त्याला कळायला हवं.

क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी झाडू, मग चिकन. बरेच जण आधी चिकन दाखवून कुत्र्याला खुश करतात आणि मग हळूच झाडू काढतात, त्याने होतं काय की चिकनचा डबा उघडल्याचा आवाज म्हणजे आता झाडू येणार असं ते शिकतं आणि थोड्या दिवसांनी चिकन बघूनच कॉटखाली जातं. पाव्हलॉव्हची घंटा शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते (त्याला 1904 चं नोबेल मात्र पचनसंस्थेवरच्या कामाला मिळालं होतं, ते एक असो), तिथेही आधी खूण आणि मग खाणं असाच क्रम आहे. आणि अंतर हळूहळू कमी करायचं हे तर माणसांवरच करून झालंय, 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाला आवडीचं खायला देत देत ससा रोज थोडा जवळ आणला आणि शेवटी तो मुलगा सशाशी खेळायला लागला. आपण घरात करतोय ते त्याच जातीचं काम.

पुढे कधी जायचं? कुत्रं झाडू बघून पटकन मान वळवून तुमच्याकडे बघायला लागलं, तोंड सैल, "कुठंय चिकन?" असा चेहरा, की त्या पायरीचं काम झालं. तो चेहरा एकदा बघितलात की परत विचारावं लागत नाही. तो येईपर्यंत पुढची पायरी नाही, मग दोन दिवस लागोत की दोन आठवडे.

मग झाडू उभा टेकवून. मग घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात, ती व्यक्ती खुर्चीत बसलेली, झाडू हलत नाही. मग उभी राहिलेली. मग एकच हात, तोही कुत्र्यापासून लांबच्या दिशेने. मग दोन-तीन हात. मग चालत चालत. मग कुत्र्याच्या दिशेने, पण परत लांबून. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. झाडू हलायला लागला तर अंतर वाढवा, अंतर कमी केलंत तर झाडू परत स्थिर ठेवा. बैठक दोन-तीन मिनिटांची. "आज मस्त चाललंय, अजून थोडं करू" हा मोह सगळ्यांना होतो आणि नेमकं त्या जास्तीच्या मिनिटात माती होते.

चिकन झाडूवर ठेवून कुत्र्याला तिकडे बोलवायचं नाही. व्हिडिओत खूप दाखवतात हे. तुम्ही नीट बघा काय होतं, मागचे पाय मागेच रोवलेले, मान लांबलचक ताणलेली, तुकडा उचलला की धूम. ते धीट नाही झालेलं, ते भुकेने भीतीच्या जवळ ओढलं गेलंय, आणि तुकडा संपला की त्याला कळतं की आपण कुठे उभे आहोत. त्याऐवजी ते आपणहून दोन पावलं पुढे आलं की चिकन त्याच्या मागे फेका. म्हणजे पुढे आल्याचं बक्षीस काय, तर लांब जायला मिळालं. वाचायला उलटं वाटतं पण याने कुत्री भराभर पुढे यायला लागतात, कारण परतीचा रस्ता उघडा आहे हे त्यांना कळतं.

शेवटी मावशी. मावशींशी आधी बोला, नाहीतर त्या प्रेमाने म्हणून झाडू हलवत "काय रे, येऊ का?" करतात आणि सगळं पाण्यात. त्यांच्या हातात चार तुकडे द्या, आत आल्या की कुत्र्याकडे न बघता, न वाकता, त्याच्या पलीकडे टाकायचे आणि आपलं काम करायचं. हाताने भरवायचं नाही. लहान मुलांनाही हेच समजावा, झाडू घेऊन कुत्र्यामागे पळणं हा खेळ नाही, एका दुपारची मजा म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात.

आवाजवाल्या वस्तू

कुत्र्याला आपल्यापेक्षा खूप वरच्या पट्टीतलं ऐकू येतं, आपली हद्द 20 हजार हर्ट्झच्या आसपास संपते, त्यांची 45 हजारापर्यंत जाते. त्यात आपली घरं म्हणजे टाइल्स, उघड्या भिंती, ग्रॅनाइटचा ओटा, आवाज शोषणारं काहीच नाही.

मिक्सरचं असं करा. आधी नुसता ओट्यावर, चिकन. जार लावल्याचा खटका, चिकन. मग कुत्रं सगळ्यात लांबच्या खोलीत एकासोबत, मधली दारं बंद, किचनमधल्या माणसाने जार रिकामा ठेवून बटण एका सेकंदासाठी उलटं फिरवून सोडायचं, आवाज आला की इकडे लगेच तीन-चार तुकडे एकामागून एक. थोडं थांबून परत. मग एक दार उघडं. मग दोन. सुकं खोबरं आणि दाणे जारमध्ये असतात तेव्हाचा आवाज रिकाम्या जारपेक्षा फार वेगळा असतो, तो शेवटी.

मोबाइलवर मिक्सरचा आवाज रेकॉर्ड करून हळू आवाजात लावणं हे सुरुवातीला चालतं, पण फोनच्या स्पीकरमधून सगळा आवाज येत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगला काही केलं नाही म्हणून खुश होऊन खरा मिक्सर शेजारी लावू नका.

कुकरची शिट्टी अवघड आहे, ती कमी आवाजात वाजत नाही आणि आपल्या वेळेवरही वाजत नाही. तिथे दार बंद, लांबची खोली, टीव्ही किंवा फॅन चालू, आणि प्रत्येक शिट्टीनंतर चिकन. शिट्टीच्या आधीची फुसफुस कुत्र्यांना आपल्या आधी कळते, कान उभे झाले की तुम्ही तयार राहा.

बॅटरी संपत आलेल्या स्मोक अलार्मची किंवा इन्व्हर्टरची ती मधूनच येणारी टीं टीं, तिला ट्रेनिंग वगैरे काही नाही, बॅटरी बदला. त्या डेव्हिसच्या अभ्यासातही असे बारीक, थांबून थांबून येणारे आवाज कुत्र्यांना सतत चालणाऱ्या घरघरीपेक्षा जास्त त्रासदायक दिसले होते. कुत्रं उगाच रात्री थरथरतंय असं वाटत असेल तर आधी घरात काय वाजतंय ते शोधा.

नुसत्याच उभ्या राहणाऱ्या वस्तू

सुटकेस, इस्त्रीचं टेबल, जिमचा मोठा बॉल, नवा आरसा, गणपतीचं मखर, आकाशकंदील. इथे फार काही करायचं नसतं. वस्तू खोलीच्या कडेला ठेवा, कुत्र्याला यायला-जायला वाट मोकळी ठेवा, खोलीभर (वस्तूभोवती नाही) खाऊ विखरून टाका आणि तुम्ही चहा घेत बसा. त्याला बोलवू नका, "बघ बघ काय आहे" करू नका. बहुतेक कुत्री लांबून फेरी मारतात, मग हुंगतात, मग विसरतात. मखर मात्र चतुर्थीच्या आदल्या रात्री एकदम उभं करू नका, थर्माकोल नसलं तरी पडदे, लाइटिंग, फुलं, पाहुणे, आरतीची झांज हे सगळं एकाच दिवशी आलं तर कुठलंही कुत्रं गांगरेल. स्टँड चार दिवस आधी, मग पडदा, मग लाइट. झांज आधी कपड्यात गुंडाळून वाजवून बघता येते.

हेल्मेट आणि रेनकोट यात वस्तूपेक्षा माणूस बदलतो हा घोळ असतो, घरचाच माणूस पण डोकं गोल आणि चेहरा नाही. हेल्मेट कुत्र्यासमोर घाला, काच वर ठेवा, घालताना बोलत राहा, मग काढा. बाहेरून घालून आत येणं नंतर.

घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावतं का?

नाही. भीती ही काही नाटक नाही की लक्ष दिलं की वाढेल. ते आपणहून तुमच्या मांडीत आलं तर येऊ द्या, हात फिरवा. फक्त उचलून धरून ठेवू नका आणि ओरडू तर नकाच. गुरगुरलं तरी ओरडू नका, गुरगुर ही सूचना आहे, ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

मधेच कधीतरी वाट लागते, पातेलं पडतं, शेजारी ड्रिल मशीन चालू होतं, आणि सगळं शिकलेलं गेल्यासारखं वाटतं. गेलेलं नसतं. दोन-तीन दिवस काहीच करू नका, मग ज्या पायरीला ते निवांत होतं तिथून परत.

ट्रेनर लावणार असाल तर एकच प्रश्न विचारा, कुत्रं घाबरलं तर तुम्ही काय करता. उत्तरात चोक चेन, शॉक, "त्याला बॉस कोण ते दाखवावं लागतं" असं काही आलं की चहा पाजून नमस्कार करा.

आणि व्हेटकडे कधी जायचं: ते दिवसभर लपूनच असेल, खाणं सुटलं असेल, किंवा दोन-तीन आठवडे नीट काम करूनही त्या पहिल्याच अंतरावर अडकलं असेल तर. मोठं, वयस्कर कुत्रं अचानक आवाजांना घाबरायला लागलं तर आधी दुखणं तपासून घ्या. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांचा 2018 चा एक छोटा, 20 कुत्र्यांचा अभ्यास आहे, त्यात सांधे-स्नायू दुखणाऱ्या कुत्र्यांमध्ये आवाजाची भीती उशिराच्या वयात सुरू झालेली दिसली आणि ती बाकी गोष्टींवरही जास्त पसरली होती. दचकलं की अंग आखडतं, आधीच दुखणारं अजून दुखतं, आणि आवाज आणि दुखणं यांची गाठ पडते.

भीतीसाठी औषधं असतात आणि काही कुत्र्यांना ती लागतातच, त्यात कमीपणा नाही, पण ती व्हेटनेच द्यायची, आपल्या घरातली झोपेची गोळी अर्धी करून नाही. "याने नुसती गुंगी येते की भीती कमी होते?" हे स्पष्ट विचारा, कारण काही औषधांनी कुत्रं पडून राहतं, आपल्याला शांत दिसतं, आणि आत भीती तशीच चालू असते. जाताना घरी घडतं त्याचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा, झाडू येण्याच्या आधीपासून ते नंतर सावरेपर्यंतचे, कारण क्लिनिकमधल्या टेबलावर सगळीच कुत्री घाबरलेली असतात आणि डॉक्टरांना त्यातून तुमच्या घरचं काही कळत नाही.